दम संपायच्या आत रेषा गाठ

काका, नमस्कार.

वय ३४. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. बारा वर्षं कबड्डी खेळलो, त्यातली पाच जिल्ह्याच्या संघातून. चढाई माझी. गुडघा गेला, खेळ सुटला. सहा वर्षांपूर्वी जर्सी छापायचा धंदा टाकला. सब्लिमेशनचं एक मशीन, एक हीट प्रेस, शिलाई बाहेर पीस रेटवर. कामाला चौघं, चौघेही माझ्याच जुन्या संघातले. कबड्डीची मंडळं, क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धा, शाळा, दहीहंडी, गणपती आणि हल्ली मॅरेथॉन, अशी गिऱ्हाइकं.

गेल्या वर्षी माझ्याकडेच डिझाइन शिकलेल्या पोरानं समोरच्या गल्लीत दुकान काढलं. माझा जर्सीचा दर २८०, त्यानं २५० लावला. मी २३५ केला. महिन्याला १,२०० नग जायचे, आता १,६०० जातात. म्हणजे मीच पुढे आहे. तरी दर पाच तारखेला पगाराला पैसे कमी पडतात. मंडळांकडे ४,६०,००० उधारी अडकली आहे, ३१ ठिकाणी. आता दुसरं मशीन घेऊन दर आणखी पाडायचा आणि त्याला या सीझनमध्येच आऊट करायचं, असं डोक्यात आहे. हप्ता २२,००० बसेल, तारणाला वडिलांची जमीन लावावी लागेल. बायको नको म्हणते. म्हणते, तुम्ही दुकान चालवत नाही, मॅच खेळता.

आणखी एक. आमचा जुना कर्णधार, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, माझ्याकडे प्रॉडक्शन बघतो. उशिरा येतो, ऐकत नाही, पोरं त्याच्याकडे बघून ढिली पडतात. त्याला बोलायची माझी हिंमत होत नाही.

मध्ये एका व्याख्यानात ऐकलं, खेळाडू धंद्यात हमखास यशस्वी होतो, कारण त्याच्यात जिद्द असते. माझ्यात जिद्द कमी आहे का?

– एक माजी चढाईपटू

*

काका म्हणालास, मग अहो-जाहो सोडतो.

आधी माझ्याविषयी, म्हणजे कोण बोलतंय ते तुला कळेल. मी कबड्डी खेळलो नाही. अंगात मांसच नव्हतं. पण वीसेक वर्षं गावोगावच्या स्पर्धांत गुणलेखकाच्या टेबलावर बसलो. दिवसा कोल्हापूरजवळ एक लहानसं मशीन शॉप चालवायचं आणि संध्याकाळी पेन्सिल घेऊन मैदानाच्या कडेला बसायचं. त्यामुळे मला खेळ तुझ्यासारखा अंगातून कळत नाही, कागदावरून कळतो. तुझ्या पत्रातला धंदाही मी तसाच वाचला.

जिद्दीचं आधी मिटवू. जिद्द तुझ्यात गरजेपेक्षा जास्त आहे. दुखणं तिथेच आहे.

तुझे आकडे मांडू. खर्चाचा तपशील तू पत्राच्या मागच्या पानावर घाईघाईत दिला होतास, तो मी घेतला. एका जर्सीला कापड ८५, पेपर-शाई ४५, शिलाई ४०, कटिंग-पॅकिंग १५. झाले १८५. भाडं १५,०००, लाइट बिल ९,०००, चौघांचे पगार ५६,०००. म्हणजे मशीन चालो न चालो, महिन्याला ८०,००० जाणारच.

२८० दर होता तेव्हा एका नगामागे ९५ सुटायचे. १,२०० नगांचे १,१४,०००. त्यातून ८०,००० गेले, तुझ्या घरी ३४,०००.

आता दर २३५. नगामागे सुटतात ५०. १,६०० नगांचे ८०,०००. त्यातून ८०,००० गेले.

पुढचं वाक्य मी लिहीत नाही.

गल्ला मात्र वाढला. आधी महिन्याला ३,३६,००० चा माल जायचा, आता ३,७६,००० चा. चाळीस हजार जास्त. म्हणून तुला वाटतं, तू पुढे आहेस. तू चुकीच्या गुणफलकाकडे बघतोयस. नग म्हणजे गुण नव्हेत, नग म्हणजे चढाया. चारशे चढाया जास्त केल्यास, गुडघा आणखी झिजवलास आणि गुण शून्य. जुने ३४,००० या दरात परत मिळवायचे तर २,२८० नग काढावे लागतील. नव्या मशीनचा हप्ता धरला तर २,७२०. एवढ्या जर्सी घालायला तुझ्या तालुक्यात पोरं आहेत का, हे तूच सांग.

आता खेळाकडे येतो, कारण तुझं म्हणणं असं की खेळानं तुला घडवलं. मान्य. पण खेळानं तुला तीन गोष्टी शिकवल्या आणि तू धंद्यात नेमकी पहिली विसरलास आणि उरलेल्या दोन जशाच्या तशा आणल्यास.

पहिली म्हणजे परत येणं. चढाईपटू समोरच्या अंगणात जातो तो दम धरून. निदान रेषा ओलांडतो, जमलं तर बोनस रेषेवर पाय टेकवतो, कोपऱ्याला हात लावतो. टाळ्या तिथे पडतात. पण हात लावल्याचा गुण पंच कधी देतो? तू मध्यरेषेला परत शिवलास तर. तिकडे तिघांना हात लावलास आणि तिकडेच धरला गेलास, तर तुझ्या नावावर काही नाही, उलट त्यांना गुण आणि तू बाहेर बाकावर. ही गोष्ट तू बारा वर्षं रोज केलीस. आता तुझ्या उधारीकडे बघ. ४,६०,००० म्हणजे ३१ चढाया. सगळीकडे तू हात लावून आलास, जर्सी देऊन आलास, आणि एकातूनही रेषेला परत आला नाहीस. अजून तिकडेच अडकला आहेस, कुणीतरी घोटा धरून बसलंय.

धंद्यात दम म्हणजे हातातली रोकड. दुसरं काही नाही. तुझा महिन्याचा नुसता कच्चा माल आणि शिलाईचा खर्च धरला तर २,९६,००० होतो. म्हणजे दीड महिन्याचा दम तू लोकांच्या अंगणात सोडून आला आहेस. पाच तारखेला पगाराला धाप लागते ती त्यामुळे. आणि अशा अवस्थेत आणखी खोल चढाई करायची म्हणतोस.

दुसरी गोष्ट, लोण. इथे तुला खेळानं चुकीची सवय लावली, असं माझं स्पष्ट मत आहे. कबड्डीत लोण पडलं की काय होतं? समोरच्याला दोन जादा गुण मिळतात आणि आपले सातच्या सात पुन्हा मैदानात येतात. कित्येक सामन्यांत मी पाहिलंय, एखादा संघ दोन-तीन जणांवर रडतखडत खेळत असतो, लोण पडतं, आणि ताज्या सात जणांनिशी तोच संघ उसळून येतो. त्यामुळे कबड्डीपटूच्या मनात सर्वनाशाची भीती तेवढी नसते. आऊट झालेला माणूस परत येतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं असतं. मैदानात हे धैर्य कामाचं आहे. दुकानात लोण पडलं की शटर पडतं, आणि वडिलांची जमीन परत मैदानात येत नाही. बँकेच्या नियमात तसं कलम नाही.

तिसरी, करो या मरो. दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायलाच हवा, नाहीतर चढाईपटू बाद. तू मशीनचं जे ठरवतोयस ते हेच आहे. ‘या सीझनमध्येच.’ पण हा नियम खेळात का आहे, याचा कधी विचार केलास? खेळ रेंगाळू नये म्हणून. दोन्ही संघ नुसते रेषेवर नाचून परत यायला लागले तर बघणाऱ्याला कंटाळा येतो. म्हणजे तो नियम प्रेक्षकांसाठी आहे. तुझ्या दुकानासमोर कुणी तिकीट काढून बसलेलं नाही रे. महिना-दोन महिने तू नुसता रेषेला शिवून परत आलास, म्हणजे नवं काही न घेता, दर न पाडता, जुनी वसुली करत बसलास, तर कुठला पंच शिट्टी मारणार आहे? रिकामी चढाई ही वाईट चढाई नसते. मी गुणपत्रिकेशेजारी माझ्यापुरत्या एका वहीत रिकाम्या चढायाही मांडायचो, छंद म्हणून. शेवटच्या पाच मिनिटांत आघाडी राखणारे संघ त्यांच्यावरच सामने काढतात.

(कधी कधी वाटतं, प्रेक्षक आहेत. गाव बघतंय, नाक राहिलं पाहिजे, कालचं पोरगं पुढे जातंय. तुझ्या पत्रात हे कुठे लिहिलेलं नाही, पण ओळीओळीत आहे. १९९८ साली मीही हेच केलं. शेजारच्या शेडमधल्या माणसाकडे असलेलं पंपाच्या सुट्या भागांचं काम ओढायला मी दर १८ टक्क्यांनी पाडला. काम मिळालं. पेढे वाटले. पुढच्या दिवाळीला बायकोच्या पाटल्या सोनाराकडे होत्या आणि तो शेजारी दुसऱ्या कामावर आरामात होता. त्यानं ते काम हसत सोडलं होतं, हे मला नंतर कळलं.)

तुझ्या त्या पोराबद्दल. तुझा राग मला समजतो. आपण शिकवलं आणि आपल्यावरच उलटला, हे मनात येतंच. पण कबड्डीनंच याचं उत्तर देऊन ठेवलंय. २०१६ चा विश्वचषक अहमदाबादला झाला. सलामीलाच दक्षिण कोरियानं आपल्याला ३४-३२ नं हरवलं. त्या कोरियाच्या संघातला जँग कुन ली आपल्याच प्रो कबड्डीत खेळून तयार झालेला. २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी आपल्याला उपांत्य फेरीतच घरी पाठवलं आणि इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात २७-२४ नं हरवलं. त्या मुलींची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच मातीतली विद्या आपल्याच विरुद्ध उभी राहिली. जी विद्या चांगली असते ती बाहेर जातेच, ती कुलपात राहत नाही. जर्सीचं डिझाइन तर आज मोबाइलवर बघून कुणीही उचलतो.

मग आपण काय केलं? २०१६ मध्ये पहिला सामना हरल्यावर अनुप कुमारच्या संघानं पुढचे सामने नेहमीसारखे खेळले. अंतिम फेरीत इराणविरुद्ध मध्यंतराला १३-१८ नं मागे होते. दुसऱ्या डावात अजय ठाकूरच्या चढाया लागल्या आणि सामना ३८-२९ नं काढला. जकार्तात गेलेलं सुवर्ण तर पाच वर्षांनी, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत परत आलं. तिथे मुलींनी अंतिम सामन्यात तैवानला एका गुणानं हरवलं, २६-२५. पाच वर्षं! तू एका सीझनच्या गोष्टी करतोयस.

आणि एक लक्षात घे. तो पोरगा तुझा प्रतिस्पर्धी आहे, पण समोरचा संघ नाही. कबड्डीत एकाला मिळालेला गुण दुसऱ्याच्या अंगावरून येतो. तुमच्या दोघांत गिऱ्हाईक आहे, आणि ते दोन्हीकडच्या अंगणात नाही, ते बाहेर उभं आहे. त्याला आऊट करून तुझा एक नगही आपोआप वाढणार नाही. उद्या तिसरा येईल, इचलकरंजीचा किंवा थेट तिरुपूरहून माल आणणारा. त्यालाही २१५ नं आऊट करणार?

म्हणून दर परत वर ने. २८० ला लगेच जाऊ नकोस, २६५ पासून सुरू कर, पण त्या २६५ मध्ये त्याच्याकडे नाही ते दे. सहा वर्षांत तुला एक गोष्ट त्याच्यापेक्षा नक्की जास्त कळते, ती म्हणजे मैदान. खेळाडूला जर्सी कधी लागते? सामन्याच्या आदल्या रात्री. मंडळाची बैठक होते उशिरा, नावं ठरतात त्याहून उशिरा, आणि सकाळी नऊला उद्घाटन. तारखेची हमी दे. लेखी. ठरल्या दिवशी माल नाही मिळाला तर अमुक टक्के परत. आणि ‘उद्याच पाहिजे’ असं म्हणणाऱ्यासाठी वेगळा दर लाव, लाजू नकोस. कबड्डीची जर्सी ओढली जाते, क्रिकेटची ओढली जात नाही. काखेत आणि बाजूला दुहेरी शिलाई मारली तर पहिल्याच पकडीत फाटत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? दुकानात एक फाटलेली आणि एक न फाटलेली टांगून ठेव.

बोनसचाही विचार कर. समोर सहा किंवा जास्त खेळाडू असले की बोनस रेषेवरचा गुण खुला असतो. कुणाला हात न लावता, नुसता एक पाय टेकवून, दुसरा हवेत ठेवून मिळतो. तुझ्याकडे भरलेल्या अंगणासारखी मोठी ऑर्डर येते तेव्हा हाफ पँट, पंचांचे टी-शर्ट, स्वयंसेवकांचे टी-शर्ट, किट बॅग, विजेत्याची वेगळी जर्सी विचारतोस का? गिऱ्हाईक दारात आलेलंच आहे, मशीन तापलेलंच आहे. या गुणाला फारसा दम लागत नाही.

आता उधारी. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. मंडळांची जर्सी मंडळ क्वचितच घेतं, हे तुला मी सांगायला नको. पाठीवर ज्याचं नाव असतं तो घेतो. कुणी भावी नगरसेवक, कुणी बिल्डर, कुणी दूध संघाचा संचालक, कुणी हॉटेलवाला. नाव छापेपर्यंत तो माणूस दिवसातून चारदा फोन करतो, फोटो मोठा घ्या, अक्षर ठळक घ्या. छापून झालं की त्याचा फोन लागत नाही, आणि मंडळाचा अध्यक्ष म्हणतो, साहेब देणार होते. तर तुझी ताकद छपाईच्या आधीपर्यंत आहे. नंतर ती शून्य. त्यामुळे ज्याचं नाव छापायचं त्याच्याकडूनच अर्धे पैसे आगाऊ, नमुना मंजूर करताना. उरलेले माल उचलताना. नाही जमलं तर जर्सी छापायची, पण पाठ कोरी ठेवायची. नाव शेवटी हीट प्रेसवर वेगळं चिकटवता येतं ना? मग ते पैसे आल्यावर चिकटव. दोन मंडळं तुटतील. जी तुटतील ती बहुतेक त्या ३१ पैकीच असतील, बघ.

शाळा आणि कंपन्यांचं वेगळं. तुझी मॅरेथॉनची कामं कंपन्यांकडून येतात असं दिसतं. तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर याच आठवड्यात कर, ऑनलाइन आहे, फुकट आहे, कुणा एजंटाला दोन हजार देऊ नकोस. तू छपाई करतोस, म्हणजे उत्पादक. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. उशीर झाला तर व्याज लागतं, तेही बँक दराच्या तिप्पट. शिवाय २०२४ पासून अशा कंपनीला थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा अकाउंटंट आपणहून फोन करतो. बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक छाप. नाहीच दिले तर सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे तक्रार करता येते. मंडळांवर हे चालणार नाही, पण कंपन्यांवर चालतं.

नियमाचं हे मी एवढं ताणून का सांगतो? आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी. जपानच्या इशिई या मल्लाशी लांबलचक कुस्ती झाली. हरले. नियमानं पुढच्या कुस्तीआधी अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं आणि त्यांची बाजू मांडायला आखाड्याशेजारी एकही भारतीय अधिकारी नव्हता, असं त्या दिवसाबद्दल आजवर सांगितलं जातं. कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दिवशी ताकद होती, डाव होते, नियमाचं पुस्तक हातात धरणारा माणूस नव्हता. तुझ्याकडे तो माणूस आहे का? एखादा अकाउंटंट, महिन्याला दोन-तीन हजार घेणारा, बिलाच्या तारखा बघणारा? दुसऱ्या मशीनच्या आधी तो घे.

खाशाबांची आणखी एक गोष्ट व्याख्यानांत हमखास येते आणि अर्धीच सांगितली जाते. त्यांना हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. इथे टाळ्या पडतात. तू जमीन तारण ठेवायचं म्हणतोस, तेव्हा तुझ्याही डोक्यात ही गोष्ट असणार. पुढचा अर्धा भाग असा, की पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून आधी खर्डेकरांचं कर्ज फेडलं. ज्यांना घर गहाण टाकायचं धाडस आवडतं त्यांनी फेडीचा रस्ताही आधी बघावा. तुझ्या मशीनला तो रस्ता २,७२० नगांवरून जातो, हे वर मांडलंच आहे. सध्याचं मशीन दिवसाला किती तास चालतं? पंधरा दिवस लिहून काढ. सीझनमध्येही ते दहा तासांच्या वर चालत नसेल तर दुसरं घ्यायचं कारणच नाही. दोन पाळ्या लाव. जागेचं भाडं तेच, मशीन तेच.

वहिनींचं म्हणणं मी मानतो, हे आता कळलंच असेल. त्यांच्या हातात हिशेबाची वही दे. टेबलावर बसलेल्याला जे दिसतं ते मैदानातल्याला दिसत नाही, आणि घरातून बघणाऱ्याला तर कधी कधी आणखी लवकर दिसतं.

राहिला दादा. हे पत्र वाचताना मला सर्वांत जास्त वाईट इथे वाटलं, कारण यात पैशाचा प्रश्न नाही. ज्याच्या इशाऱ्यावर तू बारा वर्षं साखळीत हात गुंफलास, त्याला ‘साडेनऊला या’ असं सांगायचं. जीभ उचलत नाही. पण दादाही त्रासात असणार, हे तुझ्या लक्षात आलंय का? कालपर्यंत कर्णधार असलेला माणूस आज तुझ्याकडून पगार घेतो. उशिरा येणं हा त्याचा आपल्याला अजून कुणी विचारत नाही हे स्वतःला पटवण्याचा मार्ग असू शकतो. मी त्याला ओळखत नाही, चुकतही असेन.

तरीही विचार कर, दादा खेळायचा कुठे? तू लिहिलं नाहीस, पण कर्णधार आणि चढाई तुझी, म्हणजे तो बहुतेक कोपरारक्षक. डावा कोपरा सांभाळणाऱ्या माणसाला तू मधल्या फळीत उभा केलास आणि तो पकडी सोडतो म्हणून चिडतोस. प्रॉडक्शन म्हणजे रोजचं, बारीक, वेळेवरचं काम. त्याला ते जमत नाही. त्याला काय जमतं? तीन तालुक्यांतली मंडळं त्याला नावानं ओळखतात. त्याच्यासमोर कुणी मान वर करून ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणार नाही. तो दारात जाऊन उभा राहिला तर अध्यक्ष चहा मागवेल आणि खिशात हात घालेल. तुझे ४,६०,००० ज्या कोपऱ्यात अडकलेत, तो कोपरा दादाचा आहे.

त्याला प्रॉडक्शनवरून काढ आणि ऑर्डर-वसुलीवर घाल. पगार थोडा कमी, वसुलीतला ठरावीक हिस्सा वर. प्रॉडक्शनला चौघांतला जो सर्वांत गप्प आणि वेळेवर येणारा आहे तो बसव, मग वयानं लहान का असेना. हे सांगायला दुकानात बोलावू नकोस, पोरांसमोर तर मुळीच नको. त्याच्या घरी जा. रविवारी, जेवणाच्या वेळेला. ‘दादा, माझं अडलंय’ अशी सुरुवात कर. हे खोटं नाही, खरंच अडलंय. तो नाही म्हणाला, किंवा सहा महिन्यांत वसुलीलाही तसाच वागला, तर मात्र त्याला थांबवावं लागेल आणि ते तुलाच करावं लागेल. त्या दिवशी माझं पत्र उपयोगाचं नाही.

डिसेंबर सुरू झालाय. आता फेब्रुवारी संपेपर्यंत तुझ्याकडे गर्दी असेल आणि विचार करायला वेळ नसेल. म्हणून फोनवर येणाऱ्या पुढच्या ऑर्डरपासूनच अर्धे आगाऊ सुरू कर, जुन्या गिऱ्हाइकांनाही. पहिल्या चार जणांना सांगताना घाम फुटेल. ३१ जणांची यादी कर, मोठी रक्कम वर नको, जवळचं गाव वर ठेव, म्हणजे दादाची मोटरसायकल एका दिवसात चार दारं करेल.

मार्चमध्ये मला परत लिही. त्या पोराचा दर काय चाललाय ते लिहू नकोस, ३१ पैकी किती परत आले ते लिही. आणि गुडघ्याचं काय झालं, तेही कळव.